चिंच संपली, तर आमसूल कधी घालायचं?

डाळ घोटून तयार आहे, फोडणी तडतडते आहे आणि चिंचेच्या बरणीत हात घातला तर हाती नुसते चिंचोके लागतात. अशा वेळी 'त्याऐवजी काय?' या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही मराठी घरात चटकन मिळतं. आमसूल असतं, लिंबू असतं, टोमॅटो असतो, नाहीतर आमचुराची पुडी तरी कुठेतरी असतेच. तरीही आमटी बऱ्याचदा फसते. कोळ ज्या वेळी पडला असता त्याच वेळी लिंबू पिळलं जातं, किंवा टोमॅटो सगळ्यात शेवटी उकळत्या आमटीत पडतो आणि कच्चाच राहतो. पाककृतीच्या पुस्तकांत पर्याय भरपूर मिळतात, तो पर्याय पातेल्यात केव्हा जायचा हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. आणि निम्मा स्वयंपाक तर त्या 'केव्हा'वरच उभा असतो.

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. ते उकळीला दाद देत नाही. कोळ घालून आमटी दहा मिनिटं रटरटली तरी आंबटपणा टिकतो, उलट कच्चा वास जाऊन चव मुरते. आमसुलाचं तसं नाही. ते पातेल्यात पडल्यावर हळूहळू आंबटपणा सोडतं आणि सोडतच राहतं. एक वाटी तूरडाळीच्या आमटीला चार-पाच आमसुलं पुरतात. ती गॅस बंद करायच्या सात-आठ मिनिटं आधी घालावीत आणि आमटी रात्रीपर्यंत ठेवायची असेल तर वेचून काढावीत, नाहीतर दुपारी बेताची वाटलेली आमटी रात्री दात आंबवते. आमसुलं वाळवताना बऱ्याच ठिकाणी मीठ लावतात, म्हणून आमटीतलं मीठ आमसूल पडल्यावर चव घेऊन मगच पुरं करावं.

लिंबाची वेळ सगळ्यात शेवटची. गॅस बंद, पातेलं खाली, वाफ जरा निवली की मग पिळायचं. उकळत्या आमटीत लिंबाचा वास उडून जातो, क जीवनसत्त्व कमी होतं आणि मागे एक कडवट झाक राहते. टोमॅटोची वेळ नेमकी उलटी. तो फोडणीतच पडला पाहिजे आणि कडेला तेल दिसेपर्यंत परतला गेला पाहिजे. त्यातही बाजारात मिळणारे घट्ट सालीचे लांबट टोमॅटो आंबटाला कमी असतात. दोन टोमॅटो घालूनही आमटी मिळमिळीत लागली तर पाव चमचा आमचूर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत घालावं. दही वापरायचं असेल तर ते घुसळून, आच अगदी मंद करून, ढवळत ढवळत.

आंबट कुठलंही असो, एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. डाळी-कडधान्यं आणि बटाटे शिजण्याआधी आंबट घालू नये. आम्लामुळे त्यांच्या पेशींच्या भिंती लवकर सैल होत नाहीत आणि दाणा कितीही शिजवला तरी टचटचीत राहतो. तूरडाळीबरोबर कुकरमध्ये टाकलेला टोमॅटो दाबामुळे खपून जातो, पण हरभरे, राजमा किंवा वाल असले की तो खपत नाही. आधी बोटाने चेपून दाणा मऊ झाल्याची खात्री, मग आंबट.

या बाबतीत महाराष्ट्राचा आणि गोव्याचा स्वयंपाक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली अदलाबदल आहे. कोकणात माशाच्या कालवणात आमसूल, दारात झाड असेल तर बिंबलं, हंगामात कैरी. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी आणि चुका या पालेभाज्याच आंबटपणा पुरवतात. चुक्याची चार पानं डाळीत पडली की चिंचेची आठवणही होत नाही. गोव्यातलं विंदालू मुळात पोर्तुगीजांच्या वाईन आणि लसणात मुरवलेल्या मांसाचा पदार्थ. इथे वाईनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि पाव फुगवायला यीस्ट नव्हतं तिथेही गोव्यातल्या पोदेरांनी तीच सूर कामाला लावली. आज ज्या चवीला आपण अस्सल गोव्याची म्हणतो, ती अशा अडचणीतून आलेली आहे.

दुष्काळ आणि युद्ध यांनीही अशी शिकवणी घेतलेली आहे. १९७२च्या दुष्काळात ज्वारी मिळेनाशी झाली तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे 'मिलो', महाराष्ट्रातल्या चुलींवर भाजली गेली. तिची चव न आवडलेली पिढी अजून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली आणि बेंगळुरूच्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये तांदळाच्या जागी रवा वापरून इडली केली गेली, असं ती संस्था सांगते. रवा इडलीत तांदळाची नक्कल करण्याचा आग्रह नाही. रव्याला रव्यासारखं वागवलं: आधी भाजला, दह्यात भिजवला. म्हणून तो पदार्थ टिकला.

घट्टपणाकडे वळलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. रस्सा दाट करायला देशावर दाण्याचं कूट किंवा सुकं खोबरं, किनाऱ्यावर ओलं खोबरं, खानदेश-विदर्भात भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण, पातळभाजीला डाळीचं पीठ. ही सगळी एकमेकांच्या जागी चालतात, पण एकाच वेळी नव्हे. डाळीचं पीठ कच्चं असतं, ते पाण्यात कालवून घातल्यावर किमान आठ-दहा मिनिटं उकळावंच लागतं, नाहीतर कच्चट वास पहिल्या घासाला कळतो. दाण्याचं कूट भाजलेल्या दाण्यांचं, त्यामुळे ते शेवटी. फार उकळलं तर तेल सुटून वर तवंग येतो. फुटाण्याच्या डाळ्याचं पीठही भाजलेलं, तेही शेवटच्या चार मिनिटांत. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कुटाच्या जागी हे डाळ्याचं पीठ सगळ्यात सोयीचं. तिळाचं कूटही चालतं, मात्र तीळ जरासे जास्त भाजले तरी कडू होतात.

तांदळाच्या पिठाचा स्वभाव ध्यानात ठेवावा: गरम असताना पातळ वाटतं आणि निवल्यावर घट्ट होतं, म्हणून ताटात हवं त्यापेक्षा पातळच उतरवावं. कॉर्नफ्लोअर लावलेला आंबट रस्सा फार वेळ उकळला तर पुन्हा पातळ होतो. ओलं खोबरं नसेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाटावा. सोलकढीसाठी हे चालणार नाही, भाजी-आमटीला बेलाशक चालतं.

पिठल्याचं उदाहरण घ्यावं. डाळीचं पीठ संपलं आणि कोकणातून आलेली कुळथाची पिठी घरात असेल तर पिठलं होतंच, कुळथाचं पिठलं हा तर स्वतंत्र मानाचा पदार्थ आहे. पण कुळीथ भाजून, भरडून मग दळलेले असतात. म्हणून पिठी पटकन शिजते, पाणी थोडं जास्त मागते आणि सोबत आमसूल मागते. डाळीच्या पिठाच्या सवयीने ती दाट करत बसलं तर ताटात पोचेपर्यंत तिचा गोळा होतो.

कढीत पिठाचं काम वेगळंच असतं. तिथे ते ताकाला फुटू देत नाही. पिठातला स्टार्च ताकातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्यापासून अडवतो. डाळीचं पीठ नसेल तर चार वाट्या ताकाला एक मोठा चमचा तांदळाचं पीठ किंवा कणीकही हे काम करते. पीठ ताक थंड असतानाच घुसळून मिसळायचं. उकळी फुटायला लागल्यावर पीठ आठवलं तर उशीर झालेला असतो.

गोडाच्या पदार्थात साखरेऐवजी गूळ घालणं आता घरोघर चालतं आणि इथेच सगळ्यात जास्त दूध फाटतं. गुळात असलेला थोडा आम्लपणा आणि क्षार यांमुळे गरम दुधातलं प्रथिन साकळतं. त्यावर उपाय जुनाच आहे. शेवयांची किंवा तांदळाची खीर साखरेशिवाय पूर्ण शिजवावी, गॅस बंद करावा, बोट बुडवता येईल इतकी निवू द्यावी. तोवर गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून, थंड करून ठेवावा आणि मग दोन्ही एकत्र करावं. त्यानंतर ती खीर पुन्हा उकळायची नाही. गव्हाच्या खिरीत गूळ गव्हाबरोबर शिजतो आणि दूध बऱ्याच घरी वाटीतच वरून घेतात, त्याचं कारण हेच. नारळाच्या दुधाला गुळाचं वावडं नाही, म्हणून गोव्या-कोकणातल्या किती तरी गोड पदार्थांत गूळ आणि नारळाचा रस सुखाने नांदतात.

नारळाच्या दुधाची आणखी एक सुंदर बदली कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने केली. ज्यू धर्मनियमांनुसार मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र खाता येत नाहीत, म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर स्थिरावलेल्या या मराठी बोलणाऱ्या समाजाच्या स्वयंपाकात दुधा-दह्याच्या जागी नारळाचं दूध आलं. मटणाच्या रश्शातही आणि जेवणानंतरच्या गोडातही.

साखर फक्त गोड करत नाही, हेही इथेच सांगायला हवं. नानकटाईत, शंकरपाळ्यांत ती खुसखुशीतपणा देते. गूळ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे गुळाची नानकटाई चवीला छान झाली तरी दोन दिवसांत मऊ पडते. ती थोडीच करावी आणि लगेच संपवावी. तुपाच्या मोहनाऐवजी तेल घातलं तरीही असाच फरक पडतो; तेलाचे शंकरपाळे कडक होतात, तुपाचे तोंडात विरघळतात.

आता उकडीच्या मोदकांकडे जरा नीट पाहू, कारण गणपतीच्या आदल्या दिवशी सगळ्यात जास्त घालमेल त्यांचीच असते. उकड चिकट आणि लवचिक व्हायला तांदूळही चिकट लागतो. आंबेमोहर, इंद्रायणी यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज कमी असतं, म्हणून त्यांची उकड ताणली जाते. बासमतीत ते जास्त, म्हणून बासमतीच्या पिठीच्या पाऱ्या कडेला चिरतात आणि मोदक वाफवताना फुटतात. घरात बासमतीचीच पिठी असेल तर वाटीमागे एक मोठा चमचा साबुदाण्याचं पीठ मिसळावं. परदेशात राहणाऱ्यांना आशियाई दुकानांत मिळणारं चिकट तांदळाचं पीठ वाटीला दोन चमचे पुरतं. थायलंडचा जास्मिन तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळला तर तो एकटाही पुरे होतो.

पण पीठ बदललं की वेळही बदलते. घरच्या ताज्या पिठीला वाटीस वाटी पाणी आणि पाच मिनिटांची वाफ बस्स होते. पाकिटातलं पीठ कोरडं आणि जुनं असतं. त्याला दोन-तीन चमचे पाणी जास्त लागतं आणि गॅस बंद केल्यावर झाकण ठेवून पंधरा मिनिटं मुरू द्यावं लागतं. मग तेल-पाण्याचा हात लावून, उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळायची. गोळीची पारी करून कड दुमडून पाहावी. चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावी. पहिला एकच मोदक वाफवून बघावा, तो नीट उतरला तरच पुढचे वीस भरायला घ्यावेत.

फुगवण्याच्या बाबतीत घाई आणि उशीर दोन्ही महागात पडतात. खाण्याच्या सोड्याला आंबट सोबती लागतो, तेव्हाच वायू तयार होतो. बेकिंग पावडरमध्ये तो सोबती आधीच घातलेला असतो. एक चमचा बेकिंग पावडर नसेल तर पाव चमचा सोडा आणि पदार्थातल्या दुधा-पाण्यापैकी अर्धा कप काढून तेवढंच आंबट ताक, असं गणित बसतं. नुसता सोडा वाढवला तर केक साबणासारखा लागतो. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात, ओल लागताक्षणी ते कामाला लागतात. म्हणून ढोकळ्याचं पाणी आधी उकळत ठेवायचं, ताटलीला तेल लावून ठेवायचं, आणि इनो घालून दोन वळसे दिले की पीठ थेट वाफेवर. अंड्याच्या जागी केकमध्ये एका अंड्याला पाव कप दही किंवा एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून चालते. ऑम्लेटला मात्र पर्याय शोधू नये, टोमॅटो ऑम्लेट हा वेगळा पदार्थ म्हणूनच करावा.

मसाल्यांत गोडा मसाला संपला की गरम मसाल्याकडे हात जातो. तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. गोड्या मसाल्यातलं बहुतेक सगळं तेलावर परतून कुटलेलं असतं, तो उकळत्या आमटीत सरळ पडतो. विकतचा गरम मसाला उग्र असतो, त्याचं माप एक तृतीयांश ठेवावं आणि तो फोडणीत क्षणभर परतावा. त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरं, एक चमचा तीळ, एक चमचा सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन लवंगा आणि दालचिनीचा छोटा तुकडा थेंबभर तेलावर भाजून कुटणं. दगडफुलाचा वास त्यात येणार नाही, बाकी आमटीची लाज राखली जाते. तिखटाची बदली करताना चमच्यावर विश्वास ठेवू नये. बेडगी मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, लवंगी नेमकी उलटी.

कांदा-लसूण नसलेल्या चातुर्मासातल्या जेवणात हिंग ती जागा भरतो, कारण त्याच्या वासामागेही लसणासारखीच गंधकाची संयुगं आहेत. तो गरम तेलातच फुलतो. वरून भुरभुरला तर कच्चा लागतो. डबीतला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात आणि डिंकात बांधलेला असतो. सीलिॲकचा त्रास असणाऱ्यांसाठी भाकरी करताना सगळी काळजी घ्यायची आणि फोडणीतल्या हिंगाने घात करायचा, असं होऊ नये. डबीवरचं बारीक अक्षर वाचावं.

तब्येतीच्या बाबतीत आणखी दोन गैरसमज फार खोल रुजलेले आहेत. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांना साखरेऐवजी गुळाचा चहा देणं ही सुरक्षित बदली नव्हे. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं असेल तर सैंधवाने ते कमी होत नाही. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

परदेशातल्या मराठी घरांनी या कलेत बरीच भर घातली आहे. अमेरिकेत अळूची पानं मिळाली नाहीत की कोलार्डच्या रुंद पानांची वडी होते. ती पानं जाड असतात, म्हणून शिरा ठेचून, दोन मिनिटं वाफ देऊन मगच पीठ लावायचं आणि उंडा नेहमीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त उकडायचा. चक्क्याच्या जागी ग्रीक योगर्ट फडक्यात तासभर टांगलं की श्रीखंड होतं, खव्याच्या जागी रिकोटा चीज मंद आचेवर आटवतात. दुबईला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अनारशांचं पीठ न्यायचं असेल तर ते खसखशीशिवाय, आणि थापताना तीळ वापरावेत. तीळ लवकर तांबूस होतात, त्यामुळे तुपाची आच थोडी कमी.

अशा स्वयंपाकासाठी फडताळात काय असावं याची यादी लांबलचक नाही. आमसूल, चिंच, गूळ, सुकं खोबरं, डाळं, पोहे, रवा, तांदळाचं आणि नाचणीचं पीठ, दुधाची पावडर, एखादं कडधान्य. जुन्या घरांत हीच बेगमी प्रदेशाप्रमाणे बदलायची: किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सोडे आणि सुके बोंबील, घाटावर सांडगे, खानदेशात बिबड्या. सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून वांग्याबरोबर शिजवले की ओल्या कोलंबीची वाट पाहावी लागत नाही. मापासाठी प्रत्येक घरची वाटी वेगळी असली तरी बिघडत नाही, एका पदार्थाला एकच वाटी वापरावी. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७०पासून वाटी-चमच्याच्या मापावर कित्येक नवशिक्यांना उभं केलं ते याच बळावर.

रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून, गार करून भरला की किडे होत नाहीत. दाण्याचं आणि जवसाचं कूट आठवड्यापुरतंच करावं, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवावं. तेलबियांची पूड बाहेर खवट होते आणि खवट कूट कुठल्याच बदलीला उपयोगी पडत नाही. चिंच चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरावी. पितळेच्या बिनकल्हईच्या डब्यात ती, आमसूल किंवा ताक कधीच ठेवू नये.